समुद्राच्या जिवाला मोहफुलं

समुद्रातला जीव अहेरीला आणून पोसायचा, ही कल्पना माझी नव्हती, माझ्या विद्यार्थिनीची होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या कॉलेजात ते खूळ आजही माझ्याच नावावर जमा आहे. आमच्यापासून समुद्र इतका लांब, की माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो फक्त मोबाइलमध्ये पाहिलेला, आणि उरलेल्यांनी पाहिल्याच्या थापा मारलेल्या. अशा ठिकाणी आम्ही दोघी जाडं मीठ पाण्यात विरघळवून डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जिवाला बनवत होतो, की बाबा रे, हाच तुझा समुद्र, गोड मानून घे.

मी मूळची चिमूरकडची, धानाच्या बांध्यांतली. अहेरीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला आले ती दोन वर्षं काढू म्हणून, आणि केस इथंच पिकले. ही विद्यार्थिनी माझ्याकडे बी.एस्सी.ला होती. आलापल्लीच्या पुढं, सागाच्या जंगलाला लागून असलेल्या एका गोंड गावातली. वडील लहानपणीच गेलेले, घरात ती आणि आई. मोहाच्या दिवसांत ती आईबरोबर फुलं वेचून मगच बस पकडायची. ओढणीला मोहाचा गोडसर उग्र वास असायचा. मागच्या बाकावरचे पोट्टे खोडी काढायचे, "मॅडम, हे पिऊन आली." ती मागं वळून नुसती पाहायची, की पोट्टे पुस्तकात डोकं घालायचे. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली होती.

बी.एस्सी. झाली, पण इथं काम कुठलं? जंगलखात्यात कधीतरी रोजंदारी, नाहीतर मोबाइलच्या दुकानात उभं राहणं. शेवटी ती हैदराबादजवळच्या एका कारखान्यात गेली. तिथं माशाच्या तेलाच्या कॅप्सूल डब्यांत भरायचं काम. त्या तेलाचा वास म्हणे अंघोळ करूनही जात नाही. सुट्टीत घरी आली की शेजारची मांजर तिच्या पायांत घुटमळायची आणि आई म्हणायची, "पोट्टी शिकून मांजरीच्या कामी आली."

आई विनोद करायची, पण तिच्या जिवाला एकच घोर होता. पोरीनं परत यावं. आठवडी बाजारात मी दिसले की टोपली खाली ठेवून "जोहार मॅडम" म्हणायची आणि लगेच विचारायची, "इथी काई निंगत नाई का वो? तिले जमन असं काई?" मी म्हणायची, "पाहू बाई." दुसरं काय म्हणणार? सरकार काढील, कोणी कंपनी काढील, असली आश्वासनं द्यायला माझी जीभ वळत नसे.

मग एका सुट्टीत लेकच माझ्याकडे आली, डोळे चमकत होते. कारखान्यात कुणीतरी तज्ज्ञ बोलून गेला होता, की ज्या तेलासाठी एवढे मासे मारतात ते तेल मासा स्वतः करतच नाही. समुद्रातले सूक्ष्मजीव ते करतात. त्यांना बारीक किडे खातात, किड्यांना लहान मासे, लहानांना मोठे. तेल एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात जात राहतं, एवढंच.

"म्हणजे मासा नुसता डबा हाये मॅडम," ती म्हणाली. "आपण डबा काऊन फोडून राह्यलो? करनाऱ्यालेच पाळू ना."

हे जगाला आधीच ठाऊक होतं. अशा जिवांना मोठ्या टाक्यांत वाढवून तेल काढणारे कारखाने आहेत, ते तेल बाळांच्या दुधाच्या भुकटीत जातं, मासे न खाणाऱ्यांच्या कॅप्सूलमध्ये जातं. मला ते पुस्तकातून माहीत होतं, आणि पुस्तकातच राहिलं होतं. तिला ते स्वतःच्या केसांच्या वासातून कळलं, म्हणून ती त्याच्यामागं लागली.

माझी एक जुनी मैत्रीण कोकणात खारफुटीच्या कुजलेल्या पानांवरचे जीव अभ्यासते. तिच्याकडून एक नळी आणली. बर्फाच्या थर्मासात ठेवून, रेल्वे आणि तीन बस बदलून. हा जीव शेवाळाच्या जातकुळीतला म्हणतात, पण त्याला ऊन लागत नाही. मीठ, साखर आणि भरपूर हवा, एवढ्यावर तो अंधारातही फुगतो आणि पोटात तेल साठवतो. आमच्या प्रयोगशाळेत होतं काय? एक जुनं हलवायचं यंत्र, घरून आणलेला प्रेशर कुकर आणि उन्हाळ्यात जीव टाकणारा कूलर. तरी विकतच्या ग्लुकोजवर तो वाढला. काचेच्या चंबूतलं पाणी आधी गढूळ, मग फिकट नारिंगी झालं, आणि खोलीभर मासळीबाजाराचा मंद वास पसरला. शिपाई दारातून नाक दाबून म्हणाला, "मॅडम, तळनार कधी?"

साखरेऐवजी मोहफुलं वापरू, ही कल्पना मात्र माझी. मोहात साखर ठासून भरलेली असते, आणि आमच्या जंगलात त्याचा सडा पडतो. व्यापारी तो उचलून नेतो आणि त्याची दारू होते. मी कोकणातल्या मैत्रिणीला सहज बोलले, तिनं असं तेल करणाऱ्या एका शहरातल्या कंपनीच्या साहेबांना सांगितलं, आणि साहेबांचा फोन आला. रानातल्या फुलावर समुद्राचा जीव वाढतो हे खरंच दिसलं, तर अहेरीला एक छोटं युनिट काढायचा विचार करू, म्हणाले. ते चालवायला इथलंच माणूस लागेल, म्हणाले. मार्चअखेर येऊन पाहतो, म्हणाले.

त्या फोनवर माझ्या विद्यार्थिनीनं हैदराबादची नोकरी सोडली. माझ्याच घरी राहायला आली, कारण गावाहून बसचा भरवसा नाही. तिची आई त्या दिवशी माझ्याकडे पळसाच्या पानात बांधून चारोळ्या घेऊन आली होती. बसल्या बसल्या तिनं माझं घर असं पाहिलं, की लेकीला इथं किती दिवस ठेवायचं ते जणू मापून घेतलं. म्हणाली, "इथून गाव दिसते तरी. हैदराबादवरून तं फोनमदीच दिसते."

काम मात्र जमेना. नवा मोह पडायला अवकाश होता, म्हणून आम्ही घराघरांतला गेल्या सालचा वाळलेला मोह आणला. तो काळा पडलेला, आतून आंबलेला. त्याचं पाणी गाळून, उकळून, मीठ घालून चंबूत ठेवलं, की आमचा जीव दोन दिवस रुसून तळाशी बसायचा आणि कुठून तरी घुसलेलं यीस्ट मजा मारायचं. चंबूचं बूच काढलं की मासळीऐवजी दारूचा घमघमाट. शिपायाचा कॉलेजच्या कामातला उत्साह त्या आठवड्यात एकाएकी वाढला. प्राचार्यांनी मला बोलावून हळूच विचारलं, "मॅडम, नेमकं काय चाललंय?" मी चिडून म्हणाले, "भट्टी लावलीय सर, तुम्हाला किती हवी?" ते बिचारे हसलेही नाहीत.

ताज्या फुलांशिवाय गत्यंतर नव्हतं. फुलं पडायला लागली, पण ती वापरायची सोय नव्हती. तिकडच्या गोंड गावांत नव्या मोहाचा पंडुम होतो. पंडुम म्हणजे नव्या पिकाचा सण. गावचा पुजारी, त्याला गायता म्हणतात, तो नवी फुलं आधी देवाला वाहतो, मग गाव ती खातं, शिजवतं, विकतं. त्याआधी वेचून वाळवायला हरकत नाही, पण वापरायची नाही, गुरांना घालायची नाही, बाहेर द्यायची नाही. आणि त्या वर्षी नेमकं तिच्या गावात एक म्हातारं माणूस गेलं, म्हणून पंडुम पुढं ढकलला गेला. कधी होईल ते गायता सांगेल तेव्हा.

भेट थोडी पुढं ढकलता येईल का विचारायला मी साहेबांना फोन केला. त्यांना पुढच्या महिन्यात परदेशी जायचं होतं. आत्ता नाही तर पुढच्या वर्षी पाहू, असं ते गोड आवाजात म्हणाले. पुढच्या वर्षीचं पाहू म्हणजे काय ते मला कळतं, माझं लग्नही अशाच वाक्यांवर दोनदा मोडलं होतं. आलापल्लीच्या व्यापाऱ्याकडेही तेव्हा जुनाच माल होता. मी तिला विचारलं, आता काय करायचं? ती म्हणाली, "पंडुमाच्या आधी नाई मॅडम. ग्लुकोजवरचा दाखवू त्याईले, बाकी तोंडानं सांगू." तिनं ते इतक्या सहज म्हटलं, की मी पुन्हा विषय काढला नाही. नियम माझ्या देवाचा नसला तरी त्या गावचा होता, आणि फुलं त्या गावची होती.

त्याच दिवसांत तिची आई लेकीला भेटायला कॉलेजात आली. मी तिला सूक्ष्मदर्शकाखाली आमचा जीव दाखवला. तिनं एक डोळा हातानं झाकून बराच वेळ पाहिलं.

"गोल गोल हाये. आतमदी चमकून राह्यलं, थे काय?"

"तेच तेल, बाई."

"अन् हा समुद्रातून आला म्हनता?"

"हो."

"एवढ्या दूरून? मंग पाहुनाच म्हना." मग लेकीकडे वळून, "अन् खात काऊन नाई तो?"

लेकीनं जुन्या मोहाचं रडगाणं सांगितलं, नव्या मोहाची अडचण सांगितली, साहेब कधी येणार ते सांगितलं. आई सूक्ष्मदर्शकाला परत डोळा लावून बसली.

चारेक दिवसांनी सकाळी आई दारात उभी. डोक्यावर टोपली, वर सागाची पानं झाकलेली. पानं काढली तर खाली मोहाची ताजी, पिवळट, रसानं टच्च भरलेली फुलं. खोली वासानं भरून गेली.

"झाला पंडुम," ती म्हणाली. "काल झाला."

"मले काऊन नाई बोलावलं?" लेकीनं विचारलं.

"घाईत झाला, बाई. गायत्याची तब्येत ठीक नाई. तू काम कर आपलं."

लेक टोपलीकडे पाहत उभी राहिली. पंडुमाचा प्रसाद पानावर घरोघरी येतो, आईनं तसलं काही आणलेलं नव्हतं. तिच्या ते लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. मला तर तेव्हा एवढं कळण्याइतकी त्यांची रीत ठाऊकच नव्हती. मला आनंद झाला होता. मी कुकर काढला.

ताज्या मोहावर आमचा जीव असा वाढला, की विचारू नका. तिसऱ्या दिवशी चंबू दाट, नारिंगी, साईसारखा. सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीत तेलाचे थेंब दाटीवाटीनं बसलेले. आम्ही दोघी एकमेकींना ढकलून पाहत होतो. तिनं त्या खोलीत गोंडीत काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली आणि मी, जी कधी गात नाही, ती टेबलावर ताल धरत होते. आयुष्यात इतकं निखळ सुख मला फार वेळा झालेलं नाही.

साहेब आले. चांगले होते, उगाच वाईट बोलणार नाही. बूट बाहेर काढून आत आले. चंबू पाहिले, तेल पाहिलं, वास घेतला. मग तिला प्रश्न विचारायला लागले. मीठ किती, हवा कशी, यीस्ट कसं रोखलं, जुन्या मोहावर नेमकं काय बिघडलं. ती धडाधड उत्तरं देत गेली. मी कौतुकानं ऐकत होते. साहेब चंबूकडे पाहायचे थांबलेत आणि तिच्याकडेच पाहताहेत, हे माझ्या जरा उशिराच ध्यानात आलं.

जेवताना त्यांनी सांगितलं. मोहाचं काम सुंदर आहे. पण हे फूल वर्षातून काही आठवडेच पडतं, साठवलं तर बिघडतं. टाकी बारा महिने चालवायची तर मक्याची साखरच परवडते. इथं युनिट काढणं अवघड आहे. "पण या मुलीला इथं ठेवू नका, मॅडम. अशी माणसं आम्हाला मिळत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत येऊ दे, किनाऱ्यावर. लगेच."

करायला गेले गणपती, झाला मारुती. मी भाताचा घास तसाच ताटात ठेवला. तिला ठेवायला म्हणून जे मांडलं होतं, त्याच्याच बळावर तो माणूस तिला घेऊन चालला होता, आणि तो खरं बोलत होता. तिचा चेहरा फुललेला होता. तिला खऱ्या टाक्या दिसत होत्या. कुठल्या तोंडानं मी म्हणणार होते, जाऊ नको?

आई निरोपाला बसस्टँडवर आली. रडली नाही. लेकीच्या पिशवीत तिनं चिंच, तिखट, तांदूळ कोंबले आणि बस सुटेपर्यंत खिडकीला हात धरून उभी राहिली. मला वाटत होतं, ती मला काहीतरी बोलेल, निदान रागावेल तरी. ती म्हणाली, "चला मॅडम, चहा घेऊ."

लेक गेल्यावर आठवड्याच्या आत खरा पंडुम झाला. मला ते बाजारात दुसऱ्या एका बाईकडून कळलं. गावानं तिच्या आईला सणात बसू दिलं नव्हतं. कोणीतरी तिला टोपली घेऊन बसमध्ये चढताना पाहिलं होतं. मी तशीच तिच्या घरी गेले. ती अंगणात एकटी बसली होती आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला सणाचा ढोल अजून वाजत होता. मी विचारलं, "बाई, असं काऊन केलं?"

"पाहुना उपाशी होता ना," ती म्हणाली, आणि हसायला लागली. मग पदर तोंडाला लावून जे रडली, ते मला बघवलं नाही. "मले वाटलं, त्याचं पोट भरलं तं माही पोट्टी इथी राहीन. देवाले मी सांगतलं होतं, बाप्पा, एक डाव माफ कर. देवानं केलं असन. गाव नाई करत."

गायत्यानं पुढं तिचं सगळं रीतसर मिटवलं. तिनं कोंबडा दिला, गावाला जेवण दिलं, गावानं पुढच्या सालापासून तिला परत घेतलं. गायता मला म्हणाला, देवाचा राग नव्हता, गावाला न विचारता केलं त्याचा राग होता. त्यात वावगं काहीच नव्हतं. या सगळ्या गोष्टीत वाईट वागलं असं कोणीच नाही, आणि म्हणूनच मला ती इतकी छळते. कोणावर तरी खापर फोडता आलं असतं तर मी कधीच मोकळी झाले असते.

आता लेक तिकडं किनाऱ्यावर मोठ्या टाक्यांची प्रमुख आहे. तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं. दिवाळीला येते, चार दिवस राहते, मोहाच्या दिवसांत येता येत नाही कारण तेव्हा टाक्या बंद ठेवता येत नाहीत. आईसाठी त्यांच्याच तेलाच्या कॅप्सूल आणते. आई त्या आलेल्या-गेलेल्यांना दाखवते आणि फडताळात ठेवून देते.

मागच्या दिवाळीत लेक माझ्याकडे चहाला आली होती. जुन्या खोलीच्या, यीस्टच्या, शिपायाच्या गोष्टी निघाल्या. बोलता बोलता अगदी हसत म्हणाली, "मॅडम, तेव्हा जमलं नसतं ना, तरी मी हैदराबादले वापस जाणार नव्हती. ठरवूनच आली होती. कंटाळली होती मी. म्हटलं, नाई जमलं तं घरीच राहू, आईसंगं मोह वेचू, लेकरांची ट्यूशन घेऊ."

"आईला सांगितलं होतंस?"

"सांगायचं काय त्याच्यात?" ती म्हणाली. "जमलंच ना आपलं."

मी तिला आणखी चहा घेतेस का विचारलं. ती गेल्यावर मी कप विसळायचेही विसरले.

यंदा मोह पडायला लागला तेव्हा मी गावात गेले. तिची आई झाडाखाली होती. पालापाचोळा जाळून साफ केलेल्या जमिनीवर फुलं पडली होती आणि ती वाकून एक एक उचलत होती. कंबर आता तिला साथ देत नाही. मीही खाली बसून वेचू लागले. बराच वेळ आम्ही लेकीचं बोललो, तिच्या नव्या घराचं, टाक्यांचं, जावयाला तिखट सोसत नाही त्याचं. मग ती हात थांबवून म्हणाली,

"मॅडम, कधी कधी वाटते, थो मोह मी नेलाच नसता तं? पन मंग म्हनतो, नाई नेला असता तरी गेलीच असती ना थे? हैदराबादले. थोडीच राहनार होती इथी. होय ना?"

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"होय बाई," मी म्हणाले. "गेलीच असती."